पुंगळी उजवीकडेच का उडते?

बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या रेंजवर 25 मीटर पिस्तूलचे नेमबाज ओळीने उभे असतात. राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तोच हा प्रकार. एका हातात पिस्तूल, दुसरा खिशात. उजवा खांदा लक्ष्याकडे, म्हणून छाती डावीकडे; सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मध्ये एखादा डावखुरा आला, की त्याचं तोंड उजवीकडच्या शेजाऱ्यासमोर आणि पाठ डावीकडच्याच्या पाठीला!

खरी गंमत मात्र पिस्तुलाच्या पोटात आहे. ज्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे निघते, तोच दाब काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी नळीमागच्या सरकत्या ठोकळ्याला, म्हणजे बोल्टला. बोल्टच्या उजव्या अंगाला असलेला बारीक आकडा पुंगळीची कड धरून तिला ओढत नेतो. डाव्या अंगाला इजेक्टर ठाम उभा. डावी कड त्यावर आपटते, उजवी आकड्यात अडकलेली. पुंगळी गर्रकन फिरते आणि उजव्या खिडकीतून बाहेर! पापणी लवायच्या आत पुढचं काडतूस जागेवर. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या पुंगळ्या पाठीमागे पडतात, डावखुऱ्याच्या छातीसमोरून जातात. शेजाऱ्याला लागू नयेत म्हणून दोघांमध्ये पडदा असतो.

स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळहाताच्या खाचाखोचांनुसार कोरलेली असते. उजवी मूठ डाव्या हातात नीट बसतच नाही, म्हणून डावी वेगळी मिळते. मूठ बदलली, तरी खिडकी बहुधा उजवीकडेच राहते. ब्राउनिंगच्या 1911 या लष्करी पिस्तुलात तर सेफ्टी आणि मॅगझिनचं बटण, दोन्ही उजव्या अंगठ्याच्या सोयीने डावीकडे. डावखुरे ते बटण तर्जनीने दाबतात. त्या क्षणी बोट आपसूक ट्रिगरवरून सुटतं, हे मला तर फायद्याचंच वाटतं.

डाव्या हाताने नेम धरणारा जन्माने डावखुराच असतो असं नाही. हंगेरीचा नेमबाज कारोय ताकाच याचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. तो डाव्या हाताने नेम धरायला शिकला आणि 1948 व 1952 अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन गेला.

हातासारखा डोळाही डावा-उजवा असतो, आणि दोघांचं जमेलच असं नाही. रायफलचा दस्ता गालाला टेकतो, म्हणून तिथे विरुद्ध बाजूचा डोळा फार अडचणीचा. पिस्तूल मात्र डोळ्यापासून हातभर अंतरावर असतं. मनगट किंवा मान जराशी वळवली, की डाव्या हातातलं पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर येतं.