दारू सुटली, औषध सुटू नये

पंचशीलातील पाचवे शील आम्हांस मद्यापासून दूर राहण्यास सांगते. परंतु दारू सोडणाऱ्याचा खोकलाही पाहिला पाहिजे. अति मद्यपानाने प्रतिकारशक्ती घटते व क्षयाचा धोका सुमारे ३ पट होतो. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतानाच थुंकीची तपासणी व्हावी.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचा असतो. क्षयाचा उपचार मात्र सहसा ६ महिन्यांचा. मग वालूरला परतल्यावर उरलेले महिने कोण पाहणार? पुन्हा दारू घेतली तर गोळ्या व दारू मिळून यकृत बिघडते. डोस चुकल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत. बांधवांनो, परतलेल्यास टोमणे न मारता रोजची गोळी आठवणीने देऊ या.