'ठेसन', 'हाटेल' आणि चिडणारी मुले

एकच शब्द मराठी घरात दोन-तीन तऱ्हांनी बोलला जातो. आजी 'ठेसन' म्हणते, वडील 'स्टेशन' म्हणतात पण पुढे 'हाटेल'वर येतात, आणि नातवंडे 'हॉटेल' म्हणताना ओठ नीट गोल करतात. 'फिलम', 'डाक्टर', 'सिंगल', 'फारम', 'झेराक्स', 'लायसन' हे शब्द ऐकले की शिकून नोकरीला लागलेली मुले अस्वस्थ होतात. काही जण तिथल्या तिथे चूक सुधारतात, काही जण चारचौघांत मान खाली घालतात. शब्दाचा अर्थ मात्र सगळ्यांना पहिल्याच फटक्यात कळलेला असतो. हे उच्चार वरवर पाहता गबाळेपणातून आलेले वाटले, तरी त्यांना नियम आहेत आणि त्यांतले काही नियम मराठीइतकेच जुने आहेत.

पहिला नियम जोडाक्षरांचा. शब्दाच्या सुरुवातीची 'स्ट', 'स्क', 'स्न' अशी जोडाक्षरे प्राकृत भाषांना मानवत नसत. संस्कृतातील 'स्थान'चे 'ठाणे', 'स्कंध'चा 'खांदा' आणि 'स्नान'चे 'न्हाण' झाले ते याच कारणाने. आरंभीचा 'स' गळून 'स्टेशन'चे 'ठेसन' होते, तेव्हा जिभेने तीच जुनी वाट धरलेली असते. दुसरी वाट म्हणजे आधी एक 'इ' लावून जोडाक्षर फोडणे. 'इस्कूल' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७७९ साली कार्ल्याजवळ मारल्या गेलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठे 'इष्टूर फाकडा' म्हणत. त्याच्या शौर्याची तारीफ 'फाकडा' या शब्दात आहे, आणि 'स्ट्युअर्ट'चे 'इष्टूर' हे मराठी तोंडाला जमेल असे रूप आहे. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी जोडाक्षर आले तर मध्येच एखादा स्वर घालून ते सैल केले जाते. 'फिल्म'चे 'फिलम' आणि 'फॉर्म'चे 'फारम' असेच झाले. 'धर्म'चे 'धरम' करणारी बोली 'फॉर्म'ला वेगळी वागणूक देत नाही.

दुसरा नियम स्वरांचा. 'बॅट'मधला 'ॲ' आणि 'बॉल'मधला 'ऑ' हे स्वर मराठीत इंग्रजीच्या संगतीने आले. ते येण्याआधी, आणि आल्यानंतरही बराच काळ, जवळचा स्वर वापरून काम भागवले जाई. त्यातून 'डाक्टर', 'कालेज', 'आफिस', 'हाटेल' ही रूपे तयार झाली, आणि 'ॲ'च्या जागी 'या' येऊन 'ब्यांक', 'क्याप', 'ग्यास' असे उच्चार व लेखन रूढ झाले. जुन्या मराठी पुस्तकांत 'ब्यांक' छापलेले सापडते. हे दोन स्वर हळूहळू इतके रुजले, की महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला निश्चित करताना 'ॲ' आणि 'ऑ' यांना तिच्यात स्थान दिले. म्हणजे ज्या स्वरांवरून मुले आईवडिलांना हसतात, त्यांना वर्णमालेत अधिकृत जागा मिळाली ती आईवडिलांचे शिक्षण संपून गेल्यावर.

काही फरक तर दोन्ही पिढ्यांना सारखेच ऐकू येत नाहीत. इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही दोन अक्षरे दोन वेगळे ध्वनी दाखवतात. पहिला दात खालच्या ओठाला टेकवून होतो, दुसरा दोन्ही ओठ गोल करून. मराठीचा 'व' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. लिहिताना 'व्ह' वापरून फरक दाखवता येतो, बोलताना तो बहुधा पुसला जातो. इंग्रजीचा 'टी' हिरड्यांजवळ उच्चारला जातो, मराठीचा 'ट' जीभ मागे वळवून. 'हॉटेल' या शब्दात इंग्रज माणूस दुसऱ्या अक्षरावर जोर देतो, मराठी माणसाचा जोर पहिल्यावर पडतो. 'हाटेल' ऐकून वैतागणारी मुलेही 'ट' आणि जोर मराठीच ठेवतात. वडिलांच्या आणि मुलांच्या उच्चारातला फरक म्हणजे इंग्रजीपासूनच्या अंतरातला थोडा कमी-जास्तपणा, एवढेच.

हे अंतर मोठेपणी सहज का मिटत नाही, याचे उत्तर पाळण्यात आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतील 'त' आणि 'ट' हेच ध्वनी घेतले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो जमला. आपल्या भाषेत जो फरक लागत नाही, त्याकडे दुर्लक्ष करायला कान वर्षभरातच शिकतो. मोठ्या माणसाला प्रयत्नाने नवा ध्वनी शिकता येतो, पण आधी तो वेगळा आहे हे ऐकू यावे लागते. म्हणूनच "असं नाही, असं म्हणा" हे दहादा सांगूनही काही आया पुन्हा पहिल्यासारखेच म्हणतात. त्यांच्या कानाला दोन्ही सारखेच वाटलेले असते.

कानाइतकाच शाळेचाही यात वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर काही काळ मुंबई राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून शिकवत. पुढे अनेक वर्षे ते पाचवीपासून होते. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. घरातले आजोबा, वडील आणि नात यांनी हीच भाषा अशा तीन वेगवेगळ्या वयांत हाती घेतलेली असू शकते. आधीच्या पिढ्यांचे इंग्रजी बहुतांशी डोळ्यांनी शिकलेले होते. धडा वाचायचा, शब्दार्थ पाठ करायचे, भाषांतर करायचे, अशी रीत होती, आणि ती भाषा बोलणारा माणूस कानावर पडण्याचा प्रसंग विरळाच. साहजिकच स्पेलिंग दिसेल तसा उच्चार होई. इंग्रजीत न उच्चारली जाणारी अक्षरे मग 'वेडनेसडे' किंवा 'रिसीप्ट' अशी तोंडात येत. पानावर 'बफेट' असे दिसणारा शब्द 'बुफे' असा म्हणायचा, हे कोणी सांगितल्याशिवाय कळण्याजोगे नाही. फ्रेंच, इटालियन खाद्यपदार्थांच्या नावांची हीच गत झाली. अशा चुका वाचनातून शिकलेल्या माणसाच्या असतात. 'ठेसन' म्हणणाऱ्याने मात्र तो शब्द कानाने उचललेला असतो.

सगळे खटके इंग्रजी शब्दांवरून उडत नाहीत. गावाकडून शहरात आलेल्या कुटुंबांत मुलांना आईवडिलांची मराठीही टोचते. 'पाणी'चे 'पानी', 'वेळ'चे 'येळ', 'विहीर'चे 'इहीर' होणे देशावरच्या बोलींत सर्रास आहे. वऱ्हाडीत 'काळा'चा 'काया' आणि 'डोळा'चा 'डोया' होतो. आगरी बोलीत 'घोडा'चा 'घोरा' होतो. हे त्या त्या बोलीचे नेमाने होणारे उच्चार आहेत. त्यांना 'अशुद्ध' ठरवणारा मापदंड एकोणिसाव्या शतकात घट्ट झाला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. शाळा, छापखाने व सरकारी कचेऱ्या यांतून पुण्याकडच्या सुशिक्षित वर्गाची भाषा प्रमाण मानली गेली. शाळेत 'ण' घोटून घेतलेला मुलगा घरी आईचा 'न' ऐकतो, तेव्हा तो मापदंड त्याच्याबरोबर उंबरठ्याच्या आत आलेला असतो.

चिडण्याचे खरे कारण इथे सापडते. उच्चारावरून माणसाचे शिक्षण, गाव, जात आणि ऐपत यांचा अंदाज बांधण्याची समाजाला सवय असते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत 'चौथा मजला' या अर्थाचे इंग्रजी शब्द विक्रेत्यांकडून वदवून घेतले. दुकान जितके महागडे, तितका शब्दांतला 'र' अधिक वेळा ऐकू आला. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या अभ्यासाने उच्चार आणि सामाजिक पायरी यांची सांगड स्पष्ट केली. नुकतीच एखादी पायरी वर चढलेल्या मुलाला ही सांगड नेमकी ठाऊक असते. मित्र, सासरची माणसे किंवा साहेब यांच्यासमोर वडिलांनी 'हाटेल' म्हटले, तर ऐकणारा आपल्याही घराचे मोजमाप करील, ही धास्ती त्याच्या वैतागामागे असते. दुकानदाराचा किंवा रिक्षावाल्याचा तोच उच्चार त्याला खटकत नाही, कारण त्यात त्याचे काही पणाला लागलेले नसते. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत ही धास्ती अधिक तीव्र होऊ शकते, कारण तिथे आईवडिलांच्या उच्चारावरून सगळे घराणेच परके ठरते.

चीड एकतर्फी मात्र नसते. शहरातील बरीच तरुण मंडळी 'फळ' आणि 'फूल' यांतला 'फ' इंग्रजी 'एफ'सारखा, दात ओठाला लावून म्हणतात. जुना मराठी 'फ' दोन्ही ओठ मिटून, श्वासाच्या जोराने होतो. 'चमचा', 'चांगला' यांतला दंत्य 'च' इंग्रजी शाळेत शिकलेल्या अनेकांच्या तोंडी 'चहा'तल्या 'च'सारखा होतो आणि 'ळ'चा 'ल' होतो. हे ऐकून आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. दोन्ही पिढ्या आपल्या लहानपणीच्या मापाने दुसरीला मोजतात.

मोठेपणी उच्चार अगदी गोठतात असेही नाही. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या १९५० च्या आणि १९८० च्या दशकांतील नाताळच्या भाषणांची तुलना २००० साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. राणीचे स्वर नंतरच्या काळात दक्षिण इंग्लंडमधील तरुण लोकांच्या स्वरांकडे थोडे सरकले होते. त्यांना कोणी टोकले नव्हते. भोवतालचे बोलणे सतत कानावर पडत राहिल्याने हा बदल झाला असावा. घरातही टोमण्यापेक्षा सहज बोलण्यातून शब्द कानावर घालणे अधिक उपयोगी पडते. पासपोर्ट कार्यालय, दवाखाना, फोनवरची तक्रार अशा जागी गैरसमज होणार असेल, तर नेमका उच्चार सांगण्यात अर्थ आहे. इतरत्र सुधारणेने संवादात भर पडत नाही.

शब्दांचे काय व्हायचे ते काळ ठरवतो. पोर्तुगीजांकडून आलेले 'पाव', 'चावी', 'घमेले', 'परात' आणि 'हापूस' हे शब्द मूळ उच्चारापासून दूर गेले आहेत आणि आज त्यांना कोणी चूक म्हणत नाही. 'मास्तर', 'पलटण' आणि 'इस्पितळ' हेही आता मराठीचेच झाले आहेत. 'ठेसन' आणि 'फिलम' यांची पीछेहाट झाली ती शाळा, रेडिओ आणि दूरदर्शन यांनी मूळ शब्द पुन्हा पुन्हा कानावर घातल्यामुळे. ज्या शब्दांचे मूळ नजरेआड होते ते घरचे होतात, आणि ज्यांचे मूळ रोज समोर राहते त्यांच्या उच्चारावरून पिढ्यांमध्ये कुरबूर चालू राहते. इंग्रजी जोवर शाळेत आणि फोनच्या पडद्यावर आहे, तोवर तिच्या शब्दांची गणना या दुसऱ्या गटातच होईल.