लायन्स क्लब आणि मधुमेहजन्य अंधत्वाचा प्रतिबंध

लायन्स क्लब इंटरनॅशनल ही १९१७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली सेवाभावी संस्था आहे. मधुमेहाविषयी जनजागृती हे तिच्या प्रमुख कार्यक्षेत्रांपैकी एक असून, अंधत्वनिवारणाच्या तिच्या जुन्या कार्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे भरलेल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांच्या सेवेला वाहून घेण्याचे आवाहन सभासदांना केले आणि संस्थेने ते स्वीकारले. भारतातील पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईत सुरू झाला. पुढे ठिकठिकाणी झालेल्या नेत्रशिबिरांमुळे ‘लायन्स’ हे नाव महाराष्ट्रात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेशी जोडले गेले. १९९० साली अंधत्वनिवारणासाठी ‘साइटफर्स्ट’ हा जागतिक कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या साहाय्याने १९९२ साली मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने सामुदायिक नेत्रचिकित्सेची प्रशिक्षण संस्था उभारली. २०१७ साली, शताब्दीच्या निमित्ताने, संस्थेने मधुमेहाला आपल्या जागतिक उद्दिष्टांत स्थान दिले.

मधुमेहामुळे दृष्टी कशी जाते

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास डोळ्याच्या पडद्यातील, म्हणजे दृष्टिपटलातील, सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांना बारीक फुगे येतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. पुढच्या अवस्थेत रक्तपुरवठा अपुरा पडल्याने नव्या, पण ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होतो किंवा पडदा ओढला जाऊन सुटतो. या विकाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. सुरुवातीला तो दुखत नाही आणि नजरही कमी होत नाही.

शिबिराच्या पद्धतीपुढील अडचण

मोतीबिंदूच्या रुग्णाला आपल्याला दिसत नाही हे ठाऊक असते. तो स्वतःहून शिबिरात येतो आणि बहुधा एका शस्त्रक्रियेने त्याला पुन्हा दिसू लागते. मधुमेहजन्य विकारात सारेच उलटे आहे. ज्याची तपासणी सर्वांत उपयोगी ठरते, त्याला अद्याप स्वच्छ दिसत असते. लेसर किंवा डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने यांचा मुख्य उपयोग उरलेली नजर टिकवण्यासाठी होतो; गेलेली नजर पूर्णपणे परत येईलच असे नसते. शिवाय तपासणी एकदा करून भागत नाही. टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि टाइप १ मध्ये साधारण पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी, त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी एकदा, असा वैद्यकीय सल्ला आहे. गरोदरपणात ती अधिक वेळा करावी लागते. म्हणूनच येथे जनजागृतीला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व येते.

उपक्रम

१४ नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधातील एक प्रमुख शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. भारतात त्याच दिवशी बालदिन असल्याने तो काहीसा झाकोळतो. त्या सुमारास क्लब पदयात्रा, व्याख्याने आणि रक्तशर्करा तपासणी आयोजित करतात. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर मिळालेला आकडा हे केवळ सूचन असते. निदानासाठी उपाशीपोटी केलेली किंवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दर्शवणारी एचबीएवनसी चाचणी प्रयोगशाळेत करावी लागते. साखरेवरील नियंत्रणाचे महत्त्व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील डीसीसीटी अभ्यासाने दाखवून दिले: टाइप १ मधुमेहाच्या ज्या रुग्णांचे डोळे सुरुवातीला निर्दोष होते, त्यांच्यात काटेकोर उपचारांमुळे हा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाबावरील नियंत्रणही तितकेच आवश्यक आहे.

भारतातील स्थिती

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के व्यक्तींमध्ये दृष्टिपटलाचा विकार आढळला. इतक्या मोठ्या संख्येसाठी दृष्टिपटलतज्ज्ञ अपुरे असून ते मुख्यतः शहरांत आहेत. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास धूसर दिसते. त्या दिवशीची मजुरी बुडेल किंवा दुचाकी चालवता येणार नाही म्हणून अनेक जण ही तपासणी टाळतात. थेंब न घालताही पडद्याचे छायाचित्र टिपणारे कॅमेरे ही अडचण बरीच कमी करतात. छायाचित्रात दोष आढळलेल्या व्यक्तीला रुग्णालयापर्यंत नेणे आणि पुढील वर्षी पुन्हा बोलावणे हे काम मात्र स्थानिक कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यावर अवलंबून राहते.