यंत्र जड झाले, की आपला दम कमी पडला?

पहिला पाऊस पडून पंधरा-वीस दिवस लोटले, की अंगणातील हरळी घोट्याला लागू लागते आणि पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील जुन्या बंगल्यांतून दरवर्षी एक ठरलेला संवाद ऐकू येतो. वडील मागच्या पडवीतून गवत कापायचे हातयंत्र ओढून काढतात. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, आता पुरे झाले हे. माळीकाका रविवारी येऊन कापतील.’’ बाबा म्हणतात, ‘‘तीस वर्षे मीच कापतो आहे.’’ आई दोघांकडेही न पाहता पाण्याचा तांब्या भरून पायरीवर ठेवते.

आपल्या घरीही हा संवाद थोड्याफार फरकाने झाला असेल. मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि वडिलांचेही अर्धेच. हे काम वाटते तितके हलके नाही, पण ते हातातून काढून घेणे हा त्यावरचा पहिला उपाय नव्हे.

हे यंत्र फार जुने आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग याने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव एकसारखी कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. खेड्यावर राहणाऱ्या सधन गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवावे, त्यांना त्यातून करमणूक व आरोग्यदायी व्यायाम दोन्ही लाभतील, अशी त्याची शिफारस होती. त्या काळचे यंत्र ओतीव लोखंडाचे आणि चांगलेच वजनदार असल्यामुळे करमणूक कितपत होत असेल याची शंका येते. व्यायामाविषयी मात्र तो चुकला नाही.

शरीरश्रम मोजण्याचे एक माप आहे. स्वस्थ बसलेले असताना आपले शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याला एक ‘मेट’ म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना साधारण साडेतीन मेट लागतात; हातयंत्र जोमाने ढकलून गवत कापताना सुमारे ६. तीनपासून सहाच्या आतले श्रम मध्यम आणि सहापासून पुढचे जोरकस मानले जातात. म्हणजे आपले सकाळचे फिरणे आणि हे काम एका पंक्तीला बसत नाहीत. ‘मी रोज तासभर चालतो, मला काय होणार आहे’ हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. शिवाय हे आकडे मुख्यतः तरुण व मध्यम वयाच्या माणसांवरून बांधलेले आहेत. पंचाहत्तरीत शरीराची एकूण क्षमताच उतरलेली असते, त्यामुळे तेच काम त्या क्षमतेचा अधिक मोठा वाटा खाऊन टाकते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे पासष्टीपुढील माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगतातच. त्याबरोबर तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असेही सांगतात. चालण्याने दम वाढतो, पण दंड, खांदे आणि पाठ फारशी कामाला लागत नाही. हातयंत्र ढकलताना पाय, कंबर व हात एकाच वेळी राबतात आणि प्रत्येक वळणावर तोल सावरावा लागतो. म्हणून हे काम जपून, पण जमेल तितकी वर्षे टिकवावे, असे मला वाटते.

टिकवायचे तर आधी हिशेब करावा. समजा, हिरवळ २० फूट रुंद आणि ३० फूट लांब आहे आणि यंत्र १२ इंच रुंदीचे आहे. प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर दोन इंच चढवावा लागतो, म्हणजे एका खेपेत १० इंच गवत निघते. एकूण २४ खेपा, प्रत्येकी ३० फुटांच्या. सारे मिळून ७२० फूट, म्हणजे जेमतेम २२० मीटर. हा आकडा ऐकून पुष्कळांना हसू येते. पण हे २२० मीटर आपण ओझे ढकलत चालतो आणि वाटेत २३ वेळा वळतो. म्हणून सुरुवातीला सहा खेपा म्हणजे एक दिवस धरावा. सोमवारी सहा, मंगळवारी सहा. गुरुवारी हिरवळ पूर्ण होते आणि उरलेले तीन दिवस यंत्राला व आपल्याला विश्रांती. एका बैठकीत सगळे उरकण्याचा हट्ट हा तरुणपणीच्या रविवारचा वारसा आहे; निवृत्तीनंतर आठवड्यात सात रविवार असतात.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे येतो. यंत्र जड लागू लागले की आपण लगेच वयाला दोष देतो. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी ‘आता होत नाही’ म्हणून यंत्र कोपऱ्यात उभे केले. दिवाळीला आलेल्या जावयाने ते उलटे करून पाहिले, तेव्हा आसात सुकलेल्या गवताची दोरीच्या दोरी गुंडाळली होती आणि तेल कधी घातले होते हे कोणालाच आठवेना. अर्ध्या तासाच्या साफसफाईनंतर गुरुजी पुन्हा चार खेपा मारून आले.

या यंत्रात दोन चाकांच्या मध्ये एक दंडगोल असतो आणि त्यावर पाच-सहा पिळदार पाती बसवलेली असतात. चाके पुढे सरकली की दातेरी चक्रांच्या योगाने हा दंडगोल चाकांपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो आणि त्याखालील स्थिर पात्यावर गवत कात्रीप्रमाणे कापले जाते. मोटार नाही, पेट्रोल नाही. सारी शक्ती आपल्या पायांतून येते. स्थिर पाते फार घट्ट बसले तर लोखंडावर लोखंड घासते आणि निम्मा जोर त्यातच जातो. ते सैल झाले तर गवत न कापता दुमडते, पात्यांत अडकते आणि यंत्र जागच्या जागी थबकते. दोन्ही परिस्थितींत दमतो तो ढकलणारा.

याची परीक्षा सोपी आहे. कातडी हातमोजे घालून वर्तमानपत्राची हातभर लांब पट्टी स्थिर पात्यावर धरावी आणि दंडगोल काठीने हळूच पुढे फिरवावा. बोटे पात्यांपासून वीतभर दूरच असावीत. पट्टी स्वच्छ कापली गेली आणि दंडगोल विनासायास फिरला, तर मेळ बरोबर आहे. कागद दुमडला किंवा फाटला, तर दोन्ही टोकांचे स्क्रू किंचित, अगदी पाव फेऱ्याहूनही कमी, आवळावेत आणि पुन्हा पाहावे. कर्कश घासण्याचा आवाज आला तर तेवढेच सैल करावे. नजर अधू असेल किंवा हात थरथरत असतील, तर हे काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. मुलांनी काळजी दाखवण्याची ही उत्तम जागा आहे. आसांना शिवणयंत्राचे पातळ तेल चालते. खोबरेल नको, ते थंडीत गोठते. पाती चाकूसारखी धार लावायला मात्र देऊ नयेत. पात्यांचा स्थिर पात्याशी असलेला मेळ त्यामुळे बिघडतो.

गवताची उंचीही जोर ठरवते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, असा बागकामातील नियम आहे. हिरवळ ३ सेंटिमीटर ठेवायची असेल, तर ती साडेचार झाली की कापावी. भर पावसाळ्यात ही वेळ आठवड्यातच येते, थंडीत पंधरवड्याने किंवा त्याहूनही उशिरा. ‘वाढू दे, मग एकदाच कापू’ म्हणणाऱ्याला दुप्पट ढकलावे लागते.

ढकलताना मूठ बेंबीच्या आसपास यावी, कोपर किंचित वाकलेले असावे आणि जोर दंडांनी न लावता अंगाच्या भाराने, पावलांतून लावावा. श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकाएकी चढतो. पुढे रेटताना श्वास सोडत जावा. पुष्कळ जण झाडू मारल्यासारखे यंत्र मागे-पुढे करतात. मागे ओढताना गवत कापले जात नाही, खांदा मात्र दुखावतो आणि उलट्या पावली चालताना तोल जातो. त्यापेक्षा सरळ जावे, टोकाला मूठ दाबून यंत्राचे तोंड उचलावे आणि सावकाश वळावे.

पडण्याची भीती गवतावर कमी असते, कडेला अधिक. ओल्या फरशीवरचे शेवाळ, पाणी घालायची नळी, झाडाच्या आळ्याची वीट यांना अडखळून मांडीचे हाड मोडते. म्हणून आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारावी आणि काटक्या, दगड, खेळणी नातवंडांकडून उचलून घ्यावीत. दूर-जवळचा एकत्र चष्मा असेल तर खाली पाहताना नजर जवळच्या भिंगातून जाते आणि जमीन धूसर दिसते; या कामापुरता केवळ दूरचा चष्मा वापरावा. पायांत बंद बूट हवेत. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर नव्याने कापलेल्या हिरवळीवर अनवाणी फिरण्याचा मोह टाळावा.

वेळ दवाची नको आणि उन्हाचीही नको. पावसाळ्यात व थंडीत गवत सुकल्यावर सकाळी, नाहीतर दुपार कलल्यावर यंत्र काढावे. उन्हाळ्यात आठच्या आत आटोपावे. वयपरत्वे तहान उशिरा लागते, आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातील पाणी आधीच कमी असते. तेव्हा तांब्या पायरीवर ठेवण्यात आईचे बरोबरच होते. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेवढेच प्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी हे काम करू नये. खिशात साखर ठेवावी.

श्रम किती होत आहेत हे नाडीवरून ओळखण्याची सवय पुष्कळांना असते. पण हृदयगती मंद ठेवणाऱ्या ‘बीटा ब्लॉकर’ गोळ्या चालू असतील तर नाडी फसवते. त्यापेक्षा बोलून पाहावे. खेप संपवताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले, तर ठीक. दोन शब्दांत श्वास घ्यावा लागला, तर बसावे.

दर आठवड्याला तीच हिरवळ, तेच यंत्र आणि तेवढ्याच खेपा असल्या, की हे काम नकळत प्रकृतीचे माप बनते. माझ्या नात्यातील एक बाई अडुसष्टाव्या वर्षीही स्वतःच गवत कापत. एका श्रावणात त्यांना तुळशीपाशी दोनदा थांबावे लागू लागले. जबड्यात जडपणा येई आणि उभे राहिले की तो जाई. त्यांनी दंतवैद्य गाठला. दात धडधाकट निघाले. पुढे तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या. श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा जडपणा छातीतच असतो असे नाही. तो जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागातही जाणवतो. वृद्धांत आणि मधुमेहींत तर वेदना नसतेच कधी कधी, नुसती धाप लागते. म्हणून यंत्र तेल घातलेले, गवत नेहमीच्या उंचीचे आणि तरीही गेल्या महिन्यापेक्षा दम अधिक लागत असेल, तर गवत राहू द्यावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना ही गोष्ट याच शब्दांत सांगावी. दुखणे बसूनही थांबत नसेल, दरदरून घाम सुटला असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आठवड्याची वाट पाहू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काहींनी यंत्राला हात लावण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका वा हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, हर्निया असलेले, हाडे ठिसूळ होऊन मणका दबलेले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला थोडेच आठवडे झालेले वाचक यांत येतात.

पात्यांविषयी एक ताकीद. काटकी अडकली की बोटांनी उपसण्याचा मोह होतो. मोटार नसली तरी अडकलेला दंडगोल ताणलेला असतो. काटकी निघताच तो फिरतो आणि बोट कापतो. दंडगोल काठीने उलटा फिरवून काटकी मोकळी करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहान जखमही बराच वेळ वाहते. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. काम संपल्यावर यंत्र नातवंडांच्या हाती लागणार नाही असे, पाती भिंतीकडे करून बांधून ठेवावे.

सांभाळणाऱ्यांसाठी आता थोडे. माळीकाकांना बोलवायचेच असेल, तर सारी हिरवळ त्यांच्या हवाली न करता वाटणी करावी. उताराचा भाग, कडेचे गवत आणि पावसाळ्यातील मोठी कापणी त्यांची. पायरीसमोरचा सपाट चौकोन बाबांचा. कोणता चौकोन, हे बाबांनाच ठरवू द्यावे. ते ढकलत असताना पाठीमागे ‘जपून, जपून’ म्हणत फिरू नये. दचकून वळणारा माणूसच पडतो. त्यापेक्षा चहाचा कप घेऊन पायरीवर बसावे, खेपा मोजाव्यात आणि सहावी झाली की काहीतरी विचारावे. उत्तर किती शब्दांत येते, ते ऐकावे.