मेमरी बिघडली, तरी संगणक सावरतो

बँकेच्या सर्व्हरमधील मेमरीचा एखादा बिट उलटला, तर खात्यातील रक्कमही बदलू शकते. ईसीसी मेमरी सर्वसाधारणपणे ६४ बिटांच्या गटातील एक चूक स्वतः दुरुस्त करते. दोन चुका मात्र केवळ ओळखते. अशा वेळी प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सूचना देतो.

लिनक्समध्ये पूर्वी यावर बहुधा संपूर्ण यंत्रणाच थांबविली जाई. डिसेंबर २००९मधील २.६.३२ आवृत्तीपासून, प्रोसेसरची साथ असल्यास, कर्नल मेमरीचे केवळ सदोष पान बाद करतो. त्यातील माहितीची अद्ययावत प्रत डिस्कवर असल्यास ती पुन्हा वाचली जाते. नसल्यास संबंधित प्रोग्रामच बंद केला जातो.

दोष कर्नलच्याच मेमरीत असेल, तर मात्र यंत्रणा थांबविणे श्रेयस्कर. चुकीच्या हिशेबापेक्षा बंद सर्व्हर परवडतो.