रक्तावरील शर्करेची मुद्रा

रक्त कोणाचेही असो, त्याचा रंग तांबडाच. राजाचे असो वा रंकाचे, दिसण्यात काही भेद नाही. म्हणून कोणाचेही रक्त कोणासही चालेल, असा पूर्वी समज होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही वैद्यांनी रक्तस्रावाने क्षीण झालेल्या रोग्यांना दुसऱ्या माणसाचे रक्त देऊन पाहिले. कधी रोगी वाचे. कधी मात्र रक्त देताच त्याची अवस्था बिघडे आणि तो दगावे. एकास अमृत ठरलेले रक्त दुसऱ्यास विष का ठरावे, हे कोणासच उमगत नव्हते.

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली हे कोडे उकलले. स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेऊन त्याने एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्ताच्या निवळीत मिसळल्या. काही मिश्रणांत पेशी सुट्या राहिल्या, तर काहींत त्यांचे पुंजके झाले. यावरून रक्ताचे निरनिराळे गट आहेत, हे सिद्ध झाले. आज आपण त्यांना ए, बी, एबी आणि ओ असे म्हणतो. या शोधाबद्दल लँडस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हे गट पडतात तरी कशाने? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या कणांच्या सूक्ष्म साखळ्या असतात. या साखळ्यांच्या टोकाशी कोणता कण आहे, त्यावर रक्ताचा गट ठरतो. हे कण आपोआप चिकटत नाहीत. त्यांना जागच्या जागी बसविणारे कुशल कारागीर आपल्या शरीरात आहेत. त्यांस विकरे असे म्हणतात.

पहिले विकर साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडते. अशा साखळीस 'एच' हे नाव आहे. त्यानंतर दुसऱ्या विकराचे काम सुरू होते. ए गटाच्या माणसाचे विकर एच साखळीवर एका प्रकारचा शर्कराकण बसविते. बी गटाच्या माणसाचे विकर गॅलॅक्टोज बसविते. दुधातील साखरेचा एक घटक आहे, तोच हा गॅलॅक्टोज. एबी गटात दोन्ही विकरे काम करतात. ओ गटात हे दुसरे विकर निष्क्रिय असते, म्हणून तेथे साखळी 'एच'पाशीच थांबते. नवल असे, की ए आणि बी विकरांच्या घडणीत प्रत्येकी ३५४ घटक असून त्यांपैकी केवळ ४ घटकांचा फरक आहे.

आपले शरीर स्वतःच्या शर्करा ओळखते. जी शर्करा आपल्यापाशी नाही, तिच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तात बालपणापासूनच तयार होतात. परकी मुद्रा घेऊन आलेली पेशी दिसताच ती तिच्यावर तुटून पडतात. ओ गटाच्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी कोणतीच मुद्रा नसते. म्हणून ओ गटाचा माणूस सर्वांना रक्त देऊ शकतो, असे मानले जाई.

या समजुतीला अपवाद आहे, हे मुंबईत उघडकीस आले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींच्या विलक्षण रक्ताची माहिती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांच्या पेशींवर ए नव्हते, बी नव्हते आणि ओ गटाच्या पेशींवर असणारे एचही नव्हते. त्यांचे पहिले विकरच काम करीत नव्हते. शिखरच नसेल तर कळस कोठे चढवावा? अशा माणसाचे ए किंवा बी विकर निर्दोष असले, तरी त्याला काम करावयास जागा मिळत नाही. मुंबईच्या इंग्रजी नावावरून या गटास 'बाँबे रक्तगट' असे नाव पडले.

हा माणसाचा आजार नव्हे. या गटाची माणसे इतरांसारखीच निरोगी असतात. संकट येते ते रक्त घेण्याची वेळ आली म्हणजे. त्यांच्या रक्तात एचविरुद्धही प्रतिपिंडे असतात. त्यामुळे ओ गटाचे रक्तसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते. साध्या तपासणीत मात्र हे रक्त ओ गटाचेच भासते. म्हणून रक्तपेढीत रुग्णाच्या रक्ताची निवळ ओ गटाच्या पेशींशीही मिसळून पाहतात. तेथे पुंजके दिसले, तर तपासनीस सावध होतो.

बाँबे रक्तगटाच्या माणसाला त्याच गटाच्या माणसाचे रक्त लागते. भारतात सुमारे १०,००० माणसांत असा एक आढळतो. युरोपात तर हे प्रमाण सुमारे १०,००,००० माणसांत एक इतके अल्प आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मूल या गटाचे होते. म्हणून अशा माणसाच्या भावंडांचे रक्त आवर्जून तपासतात. त्यांच्यांत दाता न मिळाल्यास दूरच्या गावच्या, कधी न पाहिलेल्या माणसाला हाक घालावी लागते. तो आपले काम टाकून येतो, रक्त देतो आणि ते शेकडो कोस प्रवास करून रुग्णापर्यंत पोहोचते.

डोळ्यांना न दिसणारा शर्करेचा एक कण. त्याच्या असण्यानसण्यावर माणसाचे प्राण अवलंबून राहतात. पण केवळ विज्ञानाने ते प्राण वाचत नाहीत. रक्त ओळखण्याचे काम विज्ञान करते; ते देण्यासाठी मात्र कोणा माणसालाच आपला हात पुढे करावा लागतो.