चिमुकल्या इंजिनाची धाव

एका वाचकाचा प्रश्न आलाय. वडिलांनी इंग्लंडहून आणलेलं ‘ईव्हनिंग स्टार’चं मॉडेल घरात आहे, चाकांच्या धावा ढिल्या झाल्यात, नवी चाकं २० मिलिमीटरची घ्यायची की १९ ची चालतील?

त्रैराशिक तर सोपं आहे. ‘ईव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, १९६० साली स्विंडनला तयार झालेलं. त्याचं चाक ५ फुटांचं. मॉडेलचं प्रमाण फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे झाले २०.

पण या इंजिनाला अशी पाच चाकं एकामागे एक आहेत आणि लगतच्या दोन आसांत अंतर फक्त ५ फूट ५ इंच. मॉडेलमध्ये फट उरते १.६७ मिलिमीटर. खऱ्या चाकाची रुळाआड उतरणारी कड साधारण २८ मिलिमीटर. प्रमाणात ती ०.४ सुद्धा भरत नाही. एवढ्याशा कडेवर टेबलावरचं तीव्र वळण घेतलं की गाडी खालीच! म्हणून जुन्या मॉडेलांना मिलिमीटरभर कड ठेवत. अशा दोन कडा समोरासमोर आल्या की २ मिलिमीटर हवेत, जागा १.६७. (मधल्या चाकाला खऱ्या इंजिनातही कडच नाही, लांबलचक इंजिन वळावं म्हणून. अडचण पहिल्या-दुसऱ्या आणि चौथ्या-पाचव्या चाकांत.)

मग १९ चं चाक लावणं ही लबाडी? मुळीच नाही, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, ती थंड होताना आवळून बसते. वाफेच्या इंजिनाच्या चाकावर पोलादी धाव अगदी तशीच चढवत. ती झिजली की लेथवर कातून पुन्हा गोल करायची, फार पातळ झाली की बदलायची. एका धावेच्या आयुष्यात चाकाचा व्यास दोन-तीन इंचांनी सहज घटे. तीन इंच म्हणजे आपल्या मापात बरोबर १ मिलिमीटर! (‘ईव्हनिंग स्टार’ मात्र १९६५ मध्येच निवृत्त झालं. तेवढ्यात किती झिजलं असेल, असं कुणी खवचट विचारेलच.)

तसंही काटेकोरपणाचा फार बाऊ नको. या मॉडेलचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात. प्रमाणात ते १८.८३ हवेत. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्यामुळे अशी मॉडेलं सुरू झाली तेव्हाच्या विजेच्या मोटारी त्यांच्या मॉडेलांत मावेनात. म्हणून मॉडेलचं इंजिन मोठं केलं आणि रूळ होते तेच ठेवले.

तेव्हा १९ ची चाकं खुशाल घ्या. मात्र इंजिनाचा फोटो समोर ठेवून आरे मोजा, आणि दांड्याची खीळ आऱ्याच्या रेषेत आहे की दोन आऱ्यांच्या मधे, तेही पाहा. पाचही जोड्या एकदम बदला. डाव्या-उजव्या खिळींत ९० अंशांचा कोन पाचही आसांवर तंतोतंत सारखा हवा, नाहीतर दांडे अडकून इंजिन जागचं हलणार नाही.